इस्पितळाच्या फाटकावरचा लाल ठिपका

सोमवारी सकाळी आमच्या विभागाच्या भिंतीवर शहराचा नकाशा लागला आणि थंड कॉफी यायच्या आत माझं डोकं फिरलं.

नकाशा बँकॉकहून आला होता. तो घेऊन पकॉर्न नावाचा सल्लागार आला होता, मानाने खुन पकॉर्न. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र आणि वागायला इतका नम्र की त्याच्यावर ओरडायचीही पंचाईत. शहराला वेग मोजणारे आठ कॅमेरे मंजूर झाले होते. ते कुठे लावायचे हे शुक्रवारी ठरायचं होतं, आणि एकदा ठरलं की पुढची पाच वर्षं नवा खांब मिळणार नव्हता. मागच्या पाच वर्षांत अपघातात गेलेल्या माणसांचे लाल ठिपके त्याने नकाशावर काढले होते. जिथे माणसं जास्त, तिथे ठिपका मोठा, आणि तिथे कॅमेरा. यात वावगं काही नाही, मीही तसंच केलं असतं. पण सगळ्यात मोठा ठिपका, चांगला ताटलीएवढा, सरकारी इस्पितळाच्या फाटकावर होता.

मी एकोणीस वर्षं या शहराचे रस्ते मोजतेय. हातात टिकटिकणारं मोजणीयंत्र घेऊन मी उभी राहिले नाही असा चौक इथे नाही. कुठल्या खांबाआड चिंचेची फांदी येते, कुठे वीज घ्यायला पेटी जवळ आहे, कुठल्या दुकानाचं छत कॅमेऱ्याच्या तोंडावर येईल, हे मला झोपेतून उठवून विचारा. इस्पितळाच्या फाटकासमोर दोन गतिरोधक आहेत, नूडल्सच्या गाड्या आहेत, चाकांच्या खुर्च्या आहेत, सलाईनची बाटली हातात धरून सिगारेट ओढायला आलेले पेशंट आहेत. तिथे सगळ्यात जोरात काही जात असेल तर ती शहाळेवाल्याची हातगाडी, तीही उतार लागला तर.

हे सगळं मी विरोत साहेबांना सांगितलं. विरोत साहेब आमचे विभागप्रमुख, माझ्याहून सात वर्षांनी लहान, म्हणून मला पी म्हणतात. बढती त्यांना मिळाली आणि ताईपण माझ्या वाट्याला आलं. ते म्हणाले, आकड्यांपुढे आपण काय बोलणार, पी पेन? शिवाय इस्पितळासमोर जागा ऐसपैस आहे, उद्घाटनाला मांडव छान बसेल.

मी गिरणीच्या वळणाकडे बोट दाखवलं. जुन्या भातगिरणीपाशी बाहेरचा मोठा रस्ता शहरात शिरतो ना, ते. एका बाजूला बाजार, दुसऱ्या बाजूला शाळा, आणि मध्ये ताशी नव्वदने येणारे उसाचे ट्रक. त्या वळणावर पिंपळाखाली छोटं देऊळ आहे आणि देवळापुढे त्रेचाळीस झेब्रे आहेत, प्लास्टरचे, गुडघ्याएवढे, काही माणसाएवढे. कुणी गेलं, कुणी मरता मरता वाचलं, की आमच्याकडे लोक झेब्रा आणून ठेवतात, येणाऱ्याजाणाऱ्याला झेब्रा क्रॉसिंगसारखं सुखरूप पलीकडे ने म्हणून. त्रेचाळीस झेब्रे काही हौसेने जमत नाहीत. नकाशावर त्या वळणावर एकही ठिपका नव्हता. कोरी करकरीत जागा.

"हा नकाशा कुणी काढलाय?" मी विचारलं. "डोळे मिटून काढलाय का?"

खुन पकॉर्नने हात जोडले, हसला, आणि मूळ तक्ते माझ्यापुढे सरकवले. नाव, वय, वाहन, तारीख, मृत्यूचं ठिकाण. मी पानं उलटत गेले. मृत्यूचं ठिकाण सरकारी इस्पितळ. मृत्यूचं ठिकाण सरकारी इस्पितळ. एकसष्ट वेळा. त्याच्या यंत्राने इमानेइतबारे एकसष्ट माणसं इस्पितळाच्या दारात नेऊन मारली होती.

"पण अपघात कुठे झाला त्याचा रकानाच नाही," मी म्हणाले. "असला बिनडोक तक्ता बनवला कुणी?"

"तुमच्याच कार्यालयाचा आहे, पी," तो हळू आवाजात म्हणाला. "खाली नाव आहे."

खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, तयार करणार वान्पेन. म्हणजे मी. बारा वर्षांपूर्वी एका दुपारी बनवलेला. त्याआधी प्रत्येक चौकी आपापल्या पद्धतीने लिहायची, म्हणून सगळ्यांसाठी एकच तक्ता करायचं माझ्यावर आलं होतं. जुन्या कागदात दोन रकाने होते, घटनास्थळ आणि मृत्यूचं ठिकाण. मला आठवलं, पान आडवं पुरत नव्हतं. दोन्हीत तेच तर येणार, असं म्हणून मी एक उडवला. विरोत साहेब कॉफीच्या पेल्यात बघून हसत होते. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा.

मंगळवारी मी लुंग थोंगइनकडे गेले. लुंग म्हणजे काका, आणि हा अख्ख्या गावाचा. टायरचं दुकान चालवतो आणि अपघाताचा निरोप आला की हातातलं चाक टाकून बचाव मंडळाची गाडी घेऊन पळतो. सत्तावीस वर्षं, एक पैसा न घेता. त्याची एक सवय सगळ्यांना माहीत आहे. जखमी माणूस गाडीत असला की हा सारखा बडबडतो, डोळे मिटू नकोस रे, तुझं लग्न झालंय का, बायको स्वयंपाक कसा करते, म्हणजे माणूस जागा राहतो. त्याच्याकडे शाळेच्या वह्या आहेत, वर्षाला एक. वेळ, कुठून उचललं, कुठे उतरवलं. एवढंच लिहितो, पण चुकत नाही.

मी त्याच्या दुकानात टायरवर बसून पाच वह्या चाळल्या. गिरणीचं वळण, नऊ माणसं. शहरात दुसरीकडे कुठेही चारच्या वर नव्हती. नवांपैकी सहांच्या नावापुढे पेन्सिलने बारीक गोल काढला होता.

"हे गोल कसले, लुंग?"

तो टायर घासत राहिला. मी पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "ती उचलतानाच गेलेली होती."

"मग तुम्ही त्यांना इस्पितळात का नेलंत?"

"तू मेलेल्याच्या आईला कधी निरोप दिलायस का, पेन?"

तो सांगत गेला ते असं. रस्त्यावर अवेळी गेलेला माणूस रस्त्यावरच अडकतो, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. त्याला न्यायचं तर नाव घेऊन हाक मारायची, आणि प्रत्येक वळणावर, प्रत्येक पुलावर सांगत जायचं, बाबा, वळण आलं, बाबा, पूल आला, मागे राहू नकोस. घरचे ते ऐकायला तयार नसतात. गाडीचं दार धरून म्हणतात, लुंग, जिवंत आहे ना, इस्पितळापर्यंत जाईल ना? मग लुंग भोंगा लावतो. गेलेल्या माणसाला घेऊन भोंगा वाजवत सुसाट जातो, आणि तिथला भला डॉक्टर दहा मिनिटं थांबून कागदावर वेळ घालतो. आई सगळ्यांना सांगते, पलंगावर गेला, स्वच्छ चादरीवर गेला, रस्त्यावर नाही. गेल्या पाच वर्षांत त्या वळणावर रस्त्यावर असा कुणी मेलाच नव्हता. लुंगने मरूच दिलं नव्हतं.

"दया केलीत तुम्ही," मी म्हणाले. "आणि मी तक्ता केला. आपण दोघांनी मिळून ते वळण पुसून टाकलं, लुंग."

मी ओरडले असणार, कारण शेजारचा कुलूपवाला बाहेर येऊन बघायला लागला. लुंगने मान खाली घातली. एकसष्ट वर्षांच्या माणसावर असं ओरडू नये, हे मला कळत होतं, पण त्या शाळेची साडेसहाशे पोरं रोज दोनदा तो रस्ता ओलांडतात.

वह्या घेऊन मी कार्यालयात गेले. खुन पकॉर्नने त्या आदराने चाळल्या आणि म्हणाला, खासगी मंडळाची वही नोंद म्हणून धरता येत नाही. नियम असा की जागा पात्र ठरायला पाच वर्षांत तीन मृत्यू हवेत. अपघात कुठे झाला हा रकानाच नसल्यामुळे ज्यांची नोंद इस्पितळात आहे त्यांची जागा बदलायची तर एकच वाट होती. मयताच्या जवळच्या नातेवाइकाने लिहून द्यायचं की आमचं माणूस इस्पितळात नाही, अमुक ठिकाणी रस्त्यावरच गेलं. तशी तीन पत्रं आणा, पी, मी स्वतः बाजू मांडतो. इस्पितळात नेल्यावर खरोखरच तिथे गेलेले तिघं असल्या पत्राच्या कामाचे नव्हते. राहिले गोलवाले सहा.

विरोत साहेब मागून म्हणाले, शुक्रवारी सकाळी दहापर्यंत, बरं का. इस्पितळासमोरचा खड्डा खणायला कंत्राटदार उद्यापासूनच येतोय. ठरायच्या आधीच खड्डा? मी विचारलं. ठरल्यासारखंच आहे, ते म्हणाले.

बुधवारी मी सहांपैकी पाच दारं वाजवली. काय मागायला आलेय हे सांगताना माझीच जीभ अडखळायची. तुमच्या मुलाच्या नावापुढे पलंग लिहिलाय तो खोडून रस्ता लिहा. एका घरात मला पाणी दिलं, ऐकून घेतलं, आणि पेला परत घेऊन दार लावलं. दुसऱ्या घरात म्हातारे वडील म्हणाले, "तुम्ही त्याला परत रस्त्यावर आणून बसवताय." तिसऱ्या घरी कुलूप होतं. एका शिंप्याने भावासाठी लिहून दिलं, एका शिक्षिकेने नवऱ्यासाठी. शिक्षिकेने तीनदा कागद फाडला आणि चौथ्यांदा सही केली. मग मला म्हणाली, आता त्या वळणावरून मी शाळेत कशी जाऊ ते सांगा.

तिसरं पत्र पा बुआलोयचं हवं होतं. तिच्याकडे जायचं मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

पा बुआलोय सगळ्यांची मावशी. ती गिरणीच्या वळणावर, त्या झेब्र्यांच्या शेजारी, चिकट भाताचे गोळे अंडं फासून निखाऱ्यावर भाजते. तिची मुलगी चानहॉम चार वर्षांपूर्वी, सव्वीस वर्षांची असताना, कामावरून मोटारसायकलने येताना तिथे गेली. संध्याकाळचे पाच, लख्ख ऊन. आतून वळण घेणाऱ्या एका पिकअपने उडवली. पा गिऱ्हाईक असो की भिक्खू, सगळ्यांना सांगते, माझी पोर इस्पितळात गेली, डॉक्टरांनी खूप केलं. पहिला झेब्रा तिनेच आणला होता. लुंगच्या वहीत चानहॉमच्या नावापुढे गोल होता.

गुरुवारी दुपारी मी लुंगच्या दुकानात जाऊन त्याला म्हणाले, चला. तो म्हणाला, मी येणार नाही, तू दुसरं कुणी बघ. मी म्हणाले, दुसरं कुणी उरलेलं नाही. आणि हे तिला मी सांगायचं का? तुम्ही उचललंत तिला, तुम्हीच सांगा. सत्तावीस वर्षं अपघातात धावलात, आता एका बाईसमोर बसायला पाय गळतात का तुमचे? तो हात पुसत उठला आणि मुकाट माझ्या मोटारसायकलवर मागे बसला.

शाळा सुटायला अजून वेळ होता. पा बुआलोयने आम्हाला प्लास्टिकच्या स्टुलांवर बसवलं, दोन गोळे निखाऱ्यावर टाकले. उसाचा एक ट्रक इतक्या जवळून गेला की झेब्र्यांवर धूळ उडाली. तिने फडक्याने जवळचे दोन-तीन झटकले. मी कागद काढला आणि सगळं सांगितलं, नकाशा, ठिपका, तीन पत्रं, उद्या सकाळी दहा. माझा रकाना उडवल्याचंही सांगितलं. फक्त मुख्य गोष्ट राहिली, आणि लुंग आपल्या चपलेकडे बघत बसला होता.

"लुंग," मी म्हणाले.

"बुआलोय," तो म्हणाला, "त्या दिवशी मी भोंगा लावला होता ना..."

"मला माहीत आहे, थोंगइन."

तिने गोळा उलटला. "इस्पितळात मी तिचे पाय धरले होते. आत्ता गेलेल्या माणसाचे पाय इतके गार नसतात. तू उगाच चार वर्षं माझ्या गाडीकडे यायचं टाळलंस. पलीकडच्या गल्लीने जायचास, मी बघायचे की."

मला लुंगचा आणि स्वतःचा असा संताप आला होता, तो कुठे ठेवू कळेना. "मग सगळ्यांना पलंगावर गेली असं का सांगता, पा?" मी विचारलं.

"हा एवढा जिवाच्या आकांताने गाडी घेऊन पळाला. त्याला खोटा कशी पाडू?" ती म्हणाली. "आणि मी इथे का बसते असं वाटलं तुला? बाजारात गिऱ्हाईक काय कमी होतं? पोर इथे एकटी आहे म्हणून बसते."

तिने गोळे पानात बांधून आमच्या हातात दिले. मग लुंगसमोर उकिडवी बसली.

"एकच सांग. तिला हाक मारली होतीस का? इथून नेताना?"

"नाही," लुंग म्हणाला. "जिवंत आहे असं दाखवत होतो ना मी. जिवंत माणसाला कोण हाक मारून नेतं? आणि नेहमीसारखी बडबडही करता आली नाही. गप्प बसून गाडी चालवली."

"मग ती इथेच आहे."

"हो."

पाने फडक्याला हात पुसून माझ्याकडून पेन मागून घेतलं. "सही मी आज करते, पोरांसाठी," ती म्हणाली. "पण शनिवारी सकाळी तू येऊन तिला घरी आणून द्यायचीस, थोंगइन. चालत. भोंगा न लावता."

तिने सावकाश, शाळकरी अक्षरात लिहिलं, माझी मुलगी चानहॉम गिरणीच्या वळणावर रस्त्यावर गेली. खाली तारीख घातली. लुंग तोंड झाकून रडत होता, आणि शाळेची घंटा झाल्यावर पोरं गोळे घ्यायला यायला लागली म्हणून पाने त्याला स्टुलावरून उठवलं.

शुक्रवारी दहा वाजता मी तिन्ही पत्रं टेबलावर ठेवली. उपनगराध्यक्ष आले होते, खुन पकॉर्न होता, विरोत साहेब होते. विरोत साहेबांनी पा बुआलोयचं पत्र दोन बोटांत धरून वाचलं आणि विचारलं की ही बाई मग चार वर्षं गप्प का बसली होती.

"गप्प नव्हती, साहेब," मी म्हणाले. "त्रेचाळीस झेब्र्यांपाशी बसली होती. तुम्ही रोज सकाळी तिथूनच गाडीने येता."

खुन पकॉर्नने दिलेला शब्द पाळला. तीन पत्रं आता दप्तरात आली आहेत, असं तो शांतपणे म्हणाला, उद्या तिथे कुणी गेलं तर ती पत्रं वाचूनही कॅमेरा का लावला नाही हा प्रश्न येईल, आणि तो सही करणाऱ्याला येईल. उपनगराध्यक्षांनी लगेच चष्मा काढून पुसला. एवढ्या माणसांच्या जिवाने जे झालं नाही ते त्या एका वाक्याने झालं. गिरणीचं वळण यादीत आलं. त्यासाठी नव्या मॉलसमोरचा कॅमेरा काढला. इस्पितळाच्या फाटकाचा मात्र तसाच राहिला. का, तर खड्डा खणायला सुरुवात झालीय आणि निमंत्रणं छापायला गेलीत. मी टेबलावर हात आपटला. तिथे एकही माणूस मेलेला नाही, हे आता तुम्हाला कागदावर दिसतंय, मी म्हणाले, तरी तुम्ही तिथे शहाळेवाल्याचा वेग मोजणार? विरोत साहेब म्हणाले, पी पेन, तुमचं काम झालं ना, आता विषय वाढवू नका.

निघताना त्यांनी आणखी एक सांगितलं. वळणावर खांब उभा करायच्या आधी तो झेब्र्यांचा पसारा हलवा, नगराध्यक्ष पाहणीला येतील तेव्हा बरं दिसत नाही.

"तुम्ही स्वतःच्या हाताने हलवा, साहेब," मी म्हणाले. "माझा एकही माणूस त्यांना हात लावणार नाही."

त्यांचा हात नकळत गळ्यातल्या ताईताकडे गेला. झेब्र्यांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. खांबाची जागा मी देवळापासून चार मीटर अलीकडे आखून दिली, तिथून ट्रक दीडशे मीटरवरून दिसतो.

शनिवारी सकाळी सहा वाजता आम्ही वळणावर जमलो. पा, लुंग, मंदिरातले एक भिक्खू, आणि मी. शिंपी आला होता आणि शाळेतली ती शिक्षिकाही आली होती, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. लुंगने अंघोळ करून पांढरा सदरा घातला होता. भिक्खूंनी पाणी शिंपडलं, लुंगने उदबत्ती पेटवून दोन्ही हातात धरली. पाने त्रेचाळीसांतला पहिला, रंग उडालेला, एका कानाचा झेब्रा उचलून कडेवर घेतला. बाकीचे तिथेच राहिले.

"चानहॉम," लुंगने हाक मारली. "चानहॉम, पोरी, चल. मी थोंगइन. तेव्हा हाक मारली नाही, चुकलं माझं. आई आलीय घ्यायला."

आम्ही चालायला लागलो. एक ट्रक मागून भोंगा वाजवत आला आणि उदबत्ती बघून ड्रायव्हरने वेग कमी केला. लुंग बोलत होता. वळण आलं गं, डावीकडे वळायचं. बाजार आला, तुझी मैत्रीण अजून इथेच भाजी विकते, तिला दुसरा मुलगा झाला. कालव्याचा पूल आला, पूल ओलांडतोय आपण, मागे राहू नकोस. हळूहळू त्याला त्याची बडबड सापडली. पावसाने पेरूचं झाड पडलं ते सांगितलं, आईचे गुडघे दुखतात ते सांगितलं. पा झेब्रा सावरत त्याच्या मागे चालत होती आणि एका जागी ती चक्क हसली.

पा बुआलोयचं घर इस्पितळामागच्या गल्लीत आहे. म्हणजे वाट फाटकासमोरूनच. तिथे कंत्राटदाराची दोन माणसं कमरेएवढ्या खड्ड्यात उतरून माती बाहेर फेकत होती. शेजारी दोरी बांधलेली, खांब आडवा पडलेला. आम्हाला येताना बघून त्यांनी फावडी ठेवली आणि डोक्यावरच्या टोप्या काढल्या. नूडल्सवालीने चुलीचा जाळ कमी केला.

लुंग थांबला. माझ्या तक्त्यात चानहॉम याच जागी होती, चार वर्षं. मला वाटलं, आता तरी तो रडणार.

"इस्पितळाचं फाटक आलं गं, चानहॉम," तो म्हणाला. "इथे तू कधी आलीच नव्हतीस. इथे थांबायचं नाही. चल, घर जवळ आलंय."

पाने फाटकाकडे पाहिलंसुद्धा नाही. झेब्रा या कडेवरून त्या कडेवर घेतला आणि ती गल्लीत वळली.